खंडेनवमीचा चौथा डबा

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

पुण्यातल्या जुन्या डायऱ्या तिथेच रद्दीत दिल्या. ही बाबांना बियाण्याच्या दुकानात फुकट मिळालेली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात भेंडी छापली आहे. असो.

आज कॉलेजात रुजू झालो. पद: नेटवर्क प्रमुख. आधी तीन महिने कच्चे, मग बघू. कॉलेज शिरपूरच्या रस्त्यावर, भोवती नुसतं सोयाबीन. त्यात ऑनलाइन परीक्षा केंद्र, एकशे ऐंशी संगणकांचं. ५ ऑक्टोबरला भरतीची मोठी परीक्षा आहे आणि ३ तारखेला केंद्राची तपासणी. प्राचार्य इंद्रभान सर म्हणाले, "तपासणी पास झाली की तुम्ही पक्के. नापास झाली तर केंद्र जाईल, मग तुम्हाला ठेवून आम्ही काय करणार?" सर धमकीही गोड आवाजात देतात.

घरी सगळ्यांना वाटतं मी पुण्याची नोकरी सोडून आलो. आईने तर गल्लीत पेढे वाटले. खरं असं आहे की आम्हा सात जणांना अकरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर काढलं. हे फक्त या भेंडीच्या वहीला ठाऊक आहे.

प्रयोगशाळेत एक पल्लवी मॅडम आहेत. जऊळका गावच्या. अकरा वर्षं इथे आहेत, दरवर्षी नव्या कंत्राटावर. मी हात पुढे केला तर त्यांनी हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला.

११ सप्टेंबर, गुरुवार

काम समजून घेतलं. बाबांना सांगताना जीव गेला. ते म्हणाले, "स्वीच तं मीही बसोतो, मोटारीचा." म्हटलं, बाबा, तो नाही. सगळ्या संगणकांच्या वायरी ज्यात येऊन मिळतात तो चपटा लोखंडी डबा, त्याला स्वीच म्हणतात. जुने दोन आहेत, नवे दोन आलेत. चौघांना मागून जाड केबलने जोडायचं आणि असं बसवायचं की चार डबे मिळून एकच यंत्र होईल. एक पासवर्ड, एक रचना. चौघांतला एक म्होरक्या होतो आणि बाकीचे त्याचं ऐकतात. बाबा म्हणाले, "चार जनं एकाचं ऐकतेत? मंग आपल्या गल्लीत बसोव एक."

जुने दोन मॅडमनी चार वर्षांपूर्वी जोडलेत, एकटीने, माहितीपुस्तक वाचून. चालतंय खरं. पण ते डबे ठेवलेल्या कपाटाच्या दारावर त्यांनी स्केचपेनने लिहिलेला कागद चिकटवला होता: 'पूजा जरूर करा, वायर काढू नका. लाइट गेली तर सगळ्यात वरचा डबा आधी चालू करा. दोन मिनिटं थांबा. मग बाकीचे.' रेशन दुकानावरच्या सूचनेसारखा. मी तो काढून टाकला. त्यांनी पाहिलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

चार तास घालवले. चौथा डबा मधूनच गळायचा. पुण्यातल्या मित्राला तीन फोन केले, त्याने एकही उचलला नाही. मॅडम शेजारी बसून वहीत वायरींचे नंबर उतरवत होत्या. चार वाजता वर न बघता म्हणाल्या, "सर, एक-दोन झालं, दोन-तीन झालं, तीन-चार झालं. चार-एक राह्यलं."

मागची शेवटची केबल मी लावलीच नव्हती. चौथ्यापासून पहिल्यापर्यंत परत आली नाही तर साखळी उघडी राहते, हे मला माहीत आहे. माहीत होतंच. पण चार तास आधी सांगायला काय झालं होतं? मजा बघत होत्या, दुसरं काय.

जाताना ती वही माझ्या टेबलावर ठेवली. "हे ठेवा. मंग मले इचाराले भेटन का नाई, काय सांगता येते." म्हणजे मला काही येत नाही, हे लेखी.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. आईचे नऊ दिवस उपास सुरू, म्हणजे आमच्याही ताटात भगर.

ठरवलं की मॅडमच्या जुन्या रचनेवर ठिगळं लावायची नाहीत. सगळं नव्याने मांडायचं. त्यांना सांगितलं.

"जुनं पुसता काय?"

"हो."

"पह्यले एक नकल तं ठेवा."

"मॅडम, सहा वर्षं पुण्यात हेच केलं मी."

"बरं," म्हणाल्या. ते 'बरं' मला दिवसभर बोचत राहिलं. रात्री जेवताना बाबांवर उगाच ओरडलो.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज मॅडम जिन्याखाली फोनवर बोलत होत्या. "कामरगावले? पन जाऊन-येऊन किती होते? बरं, क्लास सकायचा असन तं पाहू." म्हणजे बाईंचा बाहेर उद्योग चालू आहे! तपासणी आठवड्यावर आली आणि यांचं लक्ष कामरगावच्या कॉम्प्युटर क्लासात.

इंद्रभान सरांच्या कानावर घातलं. चहाडी म्हणा हवं तर, जबाबदारी माझी आहे. सर हसले. "त्यांचा प्रश्न पंधरा तारखेला मिटतोच आहे. तेवढे दिवस सांभाळून घ्या." त्यांना काही तरी समज देणार असतील. बरं होईल.

बाहेर आल्यावर मात्र चहा कडू लागला. साखर नव्हती बहुतेक.

३० सप्टेंबर, मंगळवार

झालं! चार डबे एक झाले. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी संगणकांवर हिरवा दिवा. दुसरा डबा मुद्दाम बंद केला, तरी बाकी सगळं चालत राहिलं. दोन वेळा प्रयोगशाळेत गोल फिरलो, मग तिसऱ्यांदा. कुणाला सांगावं कळेना.

मॅडम स्क्रीनपाशी आल्या, नीट पाहिलं. "चांगलं झालं." आणि लगेच, "सेव केलं का?"

इथे खरं लिहितो. मी सेव्ह करायचं विसरलो होतो. बदललेली रचना पक्क्या स्मृतीत टाकावी लागते, नाहीतर वीज गेली की ती जाते. पहिल्या वर्षातलं पोरही सांगेल. पण त्यांनी विचारल्यावर, त्यांच्यासमोर, माझा हात जाईना. म्हणालो, "उद्या दोन किरकोळ बदल आहेत, एकदमच करतो."

त्या उद्यापासून सुट्टीवर. दरवर्षी दसऱ्याला आपल्या आईला, विमलबाईंना, घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. बॅग उचलून दारात थांबल्या. "काई झालं तं फोन करजा. लाजू नका." मी लाजतो असं कुणी सांगितलं यांना?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

शिपाई गोविंदसिंगने सकाळीच झेंडूचं पोतं आणलं. आज यंत्रांची, हत्यारांची पूजा. "सर, मॅडम दरसाल फक्त कपाटाच्या दाराले कुकू लावू देत. औंदा नवे डब्बे आले, औंदा पुऱ्या मनानं करू." इंद्रभान सर आले, संस्थेचे एक संचालक आले, फोटो काढणारा आला. सर म्हणाले, कपाटातले डबे फोटोत दिसत नाहीत, बाहेर घ्या.

मी काय करत होतो? झब्बा घालून उभा होतो. त्या मॅडम नाहीत, आज सगळं माझ्या शब्दावर, असं वाटत होतं. मीच वायरी काढल्या. चारही डबे टेबलावर मांडले, हळदीकुंकू, झेंडू, नारळ. फोटो सुरेख आले. पुन्हा कपाटात बसवले, केबली लावल्या, चार-एकसुद्धा लावली. मग मानाप्रमाणे बटणं. पहिलं संचालकांनी दाबलं. ते वयस्कर, कमरेत वाकलेले; सगळ्यात खालचा चौथा डबा त्यांच्या हाताशी आला, तो त्यांनी चालू केला. टाळ्या. मग पेढे, मग सरांचं भाषण, मग बाकीचे तीन. दिवे लागले. सगळे जेवायला गेले, मीही.

मोटारसायकलवर घरी येताना अर्ध्या रस्त्यात आठवलं की सेव्ह राहिलं. पण दिवे तर लागले होते. परत गेलो नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आपट्याची पानं वाटली. कॉलेज बंद, फाटकाची किल्ली गोविंदसिंगकडे, गोविंदसिंग सासुरवाडीला. दिवे लागले होते म्हणजे चालू असणार. असणारच. आई म्हणाली, "बसत काहून नाईस एका जागी?" बसलो. पुन्हा उठलो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

आठला पोचलो. एकही संगणक नेटवर्कवर नाही. तपासणी अकराला. लॅपटॉप जोडून पाहिलं तर रचनाच नाही. कोरी पाटी. आणि म्होरक्या कोण, तर चौथा डबा! भाषण होईपर्यंत तो एकटाच चालू होता, म्हणून तो म्होरक्या झाला. त्याच्या पोटात काहीच नव्हतं, कारण मी काही सेव्हच केलं नव्हतं. मग बाकीचे तिघे आले आणि त्या रिकाम्याचं ऐकत बसले. वरचा आधी, दोन मिनिटं थांबा, मग बाकीचे. तो कागद मी फाडला होता.

पुन्हा सगळं मांडायला मला दोन दिवस लागले असते. पावणेनऊपर्यंत खुर्चीत नुसता बसून होतो. बाबांचा चेहरा दिसत होता, आईचे पेढे दिसत होते. मग फोन केला.

मॅडम परतीच्या गाडीत होत्या, बडनेऱ्याच्या पुढे. मागे एवढी गर्दी की एकमेकांवर ओरडावं लागत होतं. मी एका दमात सगळं सांगितलं. वाटलं, आता ऐकवतील. त्या म्हणाल्या, "चाहीचे चाही डब्बे बंद करा. केले? आता फक्त वरचा चालू करा. दोन मिनटं थांबा. मोबाइलवर टायमर लावा, अंदाजानं नको."

दोन मिनिटं. मग स्क्रीनवर त्यांची जुनी रचना उभी राहिली. जशीच्या तशी! मी सेव्ह केलं नव्हतं म्हणून माझं सगळं गेलं, आणि मी सेव्ह केलं नव्हतं म्हणूनच पहिल्या डब्यातलं त्यांचं पुसलं गेलं नव्हतं. पासवर्डही त्यांचाच. तो त्यांनी फोनवर सांगितला, त्या गर्दीत, एकेक अक्षर. मग नव्या दोन डब्यांसाठी ओळीमागून ओळ, तोंडपाठ. तीनदा फोन तुटला, तीनदा त्यांनीच लावला. दहा पन्नासला एकशे ऐंशी हिरवे.

"आता सेव करा. मी फोनवर हाय." केलं. "झालं?" झालं. मग त्यांनी फोन ठेवला.

तपासणी पास. यादीत एक प्रश्न होता: पासवर्ड कुणाला तोंडी वा फोनवर दिला गेला आहे काय? मी 'नाही' वर खूण केली. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "याला म्हणतात पुण्याचा अनुभव." मी हसलो.

५ ऑक्टोबर, रविवार

परीक्षा झाली. मुलं लांबलांबून आली होती, काही पहाटेच्या जीपने. एकही संगणक अडला नाही. मॅडम दिवसभर मागच्या ओळीत उभ्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. 'धन्यवाद' म्हणायला पाच सेकंद लागतात.

६ ऑक्टोबर, सोमवार

कार्यालयात माझ्या पगाराचा कागद शोधताना ट्रेमध्ये वरच एक पत्र होतं. 'नेटवर्क प्रमुख हे पद भरले गेल्याने श्रीमती पल्लवी यांची कंत्राटी सेवा १५ ऑक्टोबर रोजी संपुष्टात येत आहे.' पत्राची तारीख २५ ऑगस्ट. खाली त्यांची सही, पत्र मिळाल्याची.

घरी येऊन ही वही मागे उलटली. सत्तावीस तारखेचं पान वाचवत नाही. कामरगावचा 'उद्योग' म्हणे. 'त्यांचा प्रश्न मिटतोच आहे' हे मी माझ्या हाताने लिहिलं आणि तरी मला कळलं नाही. मी एवढा मूर्ख आहे का? आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

"मॅडम, तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"पोळा झाला तवापासून."

"मग मला कशाला शिकवलं? फोन उचलला नसता तरी चाललं असतं. मी गेलो असतो, तुम्ही राहिल्या असत्या."

त्या वायरींना चिठ्ठ्या लावत होत्या, थांबल्या नाहीत. "पोट्टे वापस गेले असते ना. एक एक वरीस अभ्यास करतेत ते. आन मी राह्यली असती कायच्यानं? केंद्रच गेलं असतं." मग पुढची चिठ्ठी लावत, "राग नाई आला असं समजू नका. पहिल्या दिवशी किल्ल्या देल्ल्या तवा अंगावर फेकून माराव्या वाटत होत्या."

८ ऑक्टोबर, बुधवार

रात्री जागून पानभर पत्र लिहिलं, सरांना द्यायला. केंद्र मॅडमनी वाचवलं, सुट्टीवर असताना, रेल्वेतून, फोनवर, पासवर्डसकट. छान लिहिलं होतं. वाचताना माझाच ऊर भरून आला. मोठ्या ऐटीत त्यांना दाखवलं.

त्या वाचता वाचता लाल झाल्या. "हे देल्लं कोनाले?"

"अजून नाही."

"देऊही नका! फोनवर पासवर्ड सांगतला हे लिहून देता तुमी? गाडीच्या भरल्या डब्यात? उद्या मी कुठंही अर्ज केला तं हाच कागद काढतीन माझ्या पुढं. नोकरी तं गेली, नावही जाईन. मले एकडाव इचारलं का?"

मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरून येतील.

त्यांनी कागद माझ्या पुढे धरला. "आन याच्यात तुमी काय केलं, हे कुठीसा हाय?"

मी पाहिलं. कुठेच नव्हतं. 'तांत्रिक अडचण उद्भवली' असं होतं, जणू आभाळातून पडली. सगळ्या पानात त्यांचं नाव सहा वेळा आणि माझी चूक एकदाही नाही.

"माझी आरती कायले करता?" त्या म्हणाल्या. "तुमचं तुमी लिहा."

९ ऑक्टोबर, गुरुवार

लिहिलं. सात ओळी. दारावरची सूचना मी फाडली. जुन्या रचनेची नक्कल ठेवा असं सांगूनही ठेवली नाही. सेव्ह केलं का विचारूनही केलं नाही. पूजेला वायरी मी काढल्या. रिकामा डबा आधी चालू होत असताना समोर उभा होतो. ३ तारखेला सकाळी केंद्र पूर्ण बंद होतं. ते सुरू झालं ते पल्लवी मॅडमनी चार वर्षांपूर्वी केलेल्या रचनेवर. फोनबद्दल काही लिहिलं नाही, ते त्यांचं आहे. तपासणीतली खोटी खूण मात्र माझी आहे आणि ती कागदावर आली नाही. ती मला जाळत राहणार.

सरांनी दोनदा वाचलं. दार लावून घेतलं. "हे मागे घ्या. मी वाचलंच नाही असं समजतो. पुढच्या आठवड्यात तुमचा पक्का आदेश निघतोय, कळतंय का?"

"सर, डिसेंबरात पुढची परीक्षा आहे. मॅडम नसतील तर पुन्हा हेच होईल."

"का होईल? तुम्ही आहात ना?"

"मला अजून येत नाही, सर."

एवढं वाक्य. सहा वर्षांत कुठल्याच साहेबापुढे ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं. सर म्हणाले, "असं कुणी लेखी देतं का हो?" मी पत्र आवक खिडकीत दिलं. तिथल्या राखीताईंनी शिक्का मारला.

संध्याकाळी वाफ्यात बाबांना सांगितलं, पुण्याहून मला काढलं होतं, आणि इथलंही आता खरं नाही. बाबा मेथीच्या जुड्या बांधत होते. त्यांनी हातातली जुडी बांधून पुरी केली. मग म्हणाले, "आईले मी सांगतो. तू नको सांगू, तू रडशीन." आणि मी तिथेच रडलो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सहा दिवस कार्यालयातून एक शब्द नाही. चार वाजेपर्यंत मी कार्यालयाच्या सात फेऱ्या मारल्या. शेवटी राखीताई म्हणाल्या, "सर, खुर्ची देऊ का इथं?" मॅडमनी टेबलाचे खण रिकामे केले, जेवणाचा डबा धुतला, किल्ल्यांची यादी करून मला दिली. मला खाली सही करायची होती. मी पेन शोधतोय असं दाखवत राहिलो.

चार चाळीसला गोविंदसिंग आला. "दोघायले बलावलं."

सरांनी दोन पाकिटं ठेवली आणि फोन कानाला लावला, म्हणजे बोलायचं नाही. बाहेर व्हरांड्यात येऊन उघडली. मॅडमनी त्यांचं वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं.

"सहाच महिने वाढवून देल्ले," म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, पण त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "तुमचं काय?"

"प्रमुखपद काढलं. तीन महिने कच्चे, पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या सूचनेप्रमाणे काम करायचं, असं लिहिलंय."

मी वाट पाहिली. आता तरी काही म्हणतील. त्यांनी किल्ल्यांची यादी माझ्या हातातून काढून घेतली, किल्ल्या घेतल्या आणि पर्समध्ये टाकल्या.

"मंग उद्या साडेनवाले येजा," त्या म्हणाल्या. "दहाले नाई. चाही डब्बे सोडून पुन्ना जोडाचे हायेत. मी हात लावनार नाई, तुमी जोडसान."

मी हो म्हणालो. बाबांना मोटारसायकल लागते सकाळी, म्हणजे साडेआठची बस गाठावी लागेल.